वय आड येतं म्हणजे नेमकं काय आड येतं?

'दादाने चिठ्ठी लिहिला.'

हे वाक्य मराठीत वाढलेल्या माणसाला ऐकताक्षणी खटकतं. 'लिहिली' हवं, हे सांगायला व्याकरणाचं पुस्तक उघडावं लागत नाही. पण का, असं कुणी विचारलं की आपण अडखळतो. 'दादा चिठ्ठी लिहितो' यात क्रियापद दादाच्या मागे चालतं, आणि 'दादाने चिठ्ठी लिहिली' यात ते दादाला सोडून चिठ्ठीच्या मागे जातं. शाळेची पायरी चढण्याआधीच मूल हे पाळायला लागतं, कुणीही शिकवलेलं नसताना. तिशीत मराठी शिकायला घेतलेल्या एखाद्या हुशार माणसाला हा नियम कागदावर पाठ असतो, 'कर्मणी प्रयोग' हे नावसुद्धा माहीत असतं, तरी बोलण्याच्या भरात तो 'लिहिला' म्हणून जातो. चुकल्याचं लगेच कळतं, जीभ चावतो, आणि दोन वाक्यांनी परत तेच.

त्याला नियम माहीत नाही असं तर नाही. मग कमी काय आहे? ते विसाव्या वर्षी त्याच्याकडे होतं का? दहाव्या वर्षी? सत्तराव्या वर्षी आणखी कमी होईल का? एवढ्याशा प्रश्नापायी माणसं तीस-चाळीस वर्षं काम करतात. दुसरी भाषा आयुष्यात कधी येते, कशी येते, किती टिकते आणि कशी विरून जाते, याचा अभ्यास हाच त्यांचा पेशा. कुणी भाषाविज्ञानातून इकडे येतं, कुणी मानसशास्त्रातून. बरेच जण आधी भाषा शिकवत असतात आणि वर्गात पडलेला एखादा प्रश्न त्यांना स्वस्थ बसू देत नाही. इथे 'दुसरी' म्हणजे पहिलीनंतरची कुठलीही. तिसरी-चौथी त्यातच आली.

या साऱ्या कामातून मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट आधीच सांगते. 'आता वय झालं, भाषा कुठली यायला' या वाक्यातलं 'वय' हे एक गाठोडं आहे. कान, स्मरणशक्ती, मिळालेले तास, आजूबाजूची माणसं, गरज, आधी येणाऱ्या भाषा, हे सगळं त्यात एकत्र बांधलेलं असतं. ते सोडून एकेक वस्तू वेगळी करणं हे या अभ्यासाचं खरं काम आहे.

गाठोडं बांधलं कसं गेलं

मेंदूचे शल्यचिकित्सक वाइल्डर पेनफील्ड यांनी लामार रॉबर्ट्स यांच्यासोबत १९५९ मध्ये मांडलं, की लहान मुलाचा मेंदू भाषेच्या बाबतीत लवचीक असतो आणि पुढे ती लवचीकता उणावते. १९६७ मध्ये एरिक लेनेबर्ग यांनी त्याला सिद्धांताचं रूप दिलं: भाषा सहजपणे आत्मसात करण्याचा एक काळ असतो आणि तो वयात येण्याच्या सुमारास संपतो. लेनेबर्ग यांचा भर मुख्यतः पहिल्या भाषेवर होता. पण 'लहानपणीच काय ते शिकून घ्या' या सर्वसामान्य समजाला शास्त्राचा आधार मिळाला, आणि तो समज आजही पालकांच्या डोक्यात ठाण मांडून आहे.

त्याच वर्षी पिट कॉर्डर यांनी एक लेख लिहिला. त्याची चर्चा अभ्यासकांच्या बाहेर फारशी झाली नाही, पण माझ्या मते तो जास्त दूरवर गेला. त्यांचं म्हणणं असं, की शिकणाऱ्याच्या चुका म्हणजे झाडून टाकायचा केर नव्हे. त्याच्या डोक्यात काय चाललंय हे दाखवणारा तो पुरावा आहे. मराठीतच पाहा. लहान मूल 'मी करलं' म्हणतं. नव्याने मराठी शिकणारा मोठा माणूसही 'मी करलं' म्हणतो. दोघांनीही हा शब्द कुणाकडून ऐकलेला नाही, कारण मोठी मराठी माणसं 'केलं' म्हणतात. 'बसलं', 'उठलं', 'पडलं' यांवरून दोघांनी नियम ओळखला आणि त्यातून 'करलं' घडवलं. म्हणजे ही चूक बुद्धी चालल्याची खूण आहे. १९७२ मध्ये लॅरी सेलिंकर यांनी शिकणाऱ्याच्या या घडत्या भाषेला नाव दिलं, आपण तिला 'अंतरभाषा' म्हणू: पहिली भाषा नाही, दुसरीही पुरती नाही, पण स्वतःचे नियम असलेली. मूल काही महिन्यांत 'करलं'वरून 'केलं'वर येतं. मोठ्या माणसांपैकी काहींची अंतरभाषा मात्र एका टप्प्यावर गोठते, आणि वीस वर्षं त्या भाषेत राहूनही तिथेच थांबते. का गोठते, हा प्रश्न अजून पुरता सुटलेला नाही.

तीन आकडे आणि एक गाठ

वयाच्या प्रश्नावरचा सर्वांत गाजलेला प्रयोग जॅकलिन जॉन्सन आणि एलिसा न्यूपोर्ट यांचा, १९८९ चा. चिनी किंवा कोरियन मातृभाषा असलेली, ३ ते ३९ या वयांत अमेरिकेत आलेली ४६ माणसं त्यांनी घेतली. त्यांना इंग्रजी वाक्यं ऐकवली आणि प्रत्येक वाक्य बरोबर की चूक, एवढंच विचारलं. सातव्या वर्षापर्यंत आलेल्यांचे गुण जन्मापासून इंग्रजी बोलणाऱ्यांइतके होते. त्यानंतर पौगंडावस्थेपर्यंत गुण उतरत गेले. मोठेपणी आलेल्यांत मात्र वयाचा आणि गुणांचा मेळ बसेना. कुणी खूप वर, कुणी खूप खाली.

आता यातली गाठ पाहू, कारण ही समजली की या विषयावरची निम्मी बातमीदारी आपोआप पारखता येते. कुठल्याही स्थलांतरिताचे तीन आकडे असतात: कितव्या वर्षी आला, किती वर्षं राहिला, आज वय काय. पहिल्या दोन आकड्यांची बेरीज म्हणजे तिसरा. समजा, दोघंही आज ४० वर्षांचे आहेत. एक पाचव्या वर्षी आला, दुसरा पंचविसाव्या. पहिल्याला जास्त गुण मिळाले. तो लहानपणी आला म्हणून, की दुसऱ्याच्या १५ वर्षांसमोर त्याची ३५ वर्षं झाली म्हणून? बरं, दोघांचा मुक्काम सारखा असेल असं पाहू, दोघंही १५ वर्षं राहिलेले. मग एक आज २० वर्षांचा निघतो आणि दुसरा ४० चा, आणि शेकडो वाक्यं ऐकून उत्तरं द्यायला लागणारी एकाग्रता दोघांची सारखी नसते. एक आकडा धरायला जावं तर दुसरा हलतो. शिवाय पाचव्या वर्षी आलेल्याची सगळी शाळा नव्या भाषेत झाली, दोस्त त्याच भाषेतले मिळाले. पंचविशीत आलेला कदाचित दिवसभर आपल्याच भाषेच्या लोकांत काम करत राहिला. फरक वयाचा म्हणावा, की त्या वयाने पदरात टाकलेल्या आयुष्याचा?

ही गाठ सोडवण्यासाठी संशोधक मोठमोठ्या संख्यांकडे वळले. केंजी हाकुता, एलेन बियालिस्टॉक आणि एडवर्ड वायली यांनी अमेरिकेच्या १९९० च्या जनगणनेतल्या २३ लाख स्थलांतरितांची माहिती २००३ मध्ये तपासली. एखाद्या ठरावीक वयात कडा तुटल्यासारखी घसरण त्यांना दिसली नाही. दिसला तो आयुष्यभर हळूहळू उतरणारा उतार, आणि शिक्षणाचा ठसठशीत परिणाम. अर्थात, जनगणनेत लोक आपल्या इंग्रजीबद्दल स्वतःच सांगतात, ही या माहितीची मर्यादा. मग २०१८ मध्ये जोशुआ हार्ट्सहॉर्न, जोशुआ टेनेनबॉम आणि स्टीव्हन पिंकर यांनी इंटरनेटवरच्या व्याकरणाच्या चाचणीतून सुमारे ६ लाख ७० हजार लोकांची उत्तरं जमवली. गणिती प्रारूप वापरून त्यांनी अंदाज काढला, की व्याकरण शिकण्याची क्षमता साधारण १७.४ वर्षांपर्यंत टिकते आणि मग झपाट्याने उतरते. त्यांनी आपली सगळी माहिती सर्वांसाठी खुली ठेवली, ही फार मोलाची गोष्ट. त्यामुळेच दुसऱ्या संशोधकांना शिकणाऱ्यांचे गट पाडून तीच माहिती पुन्हा तपासता आली, आणि काही गटांत त्यांना कडा दिसेना, उतारच दिसला.

माझं मत विचाराल तर वयाचा परिणाम खरा आहे. उच्चाराची ढब आणि व्याकरणाचे बारीक कोपरे, म्हणजे आपल्या 'लिहिली'सारखे, यांवर तो स्पष्ट दिसतो. पण एका वाढदिवशी दार धाडकन बंद होतं, असं म्हणायला पुरेसा पुरावा नाही.

आईच्या मांडीवरचा प्रयोग

वयाचा परिणाम सर्वांत लवकर आणि सर्वांत स्पष्ट दिसतो तो कानात. जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी १९८४ मध्ये कॅनडात प्रसिद्ध केलेला प्रयोग मराठी माणसाने तर जरूर समजून घ्यावा, कारण त्यात आपल्या ओळखीचे दोन ध्वनी आहेत: 'त' आणि 'ट'.

इंग्रजी बोलणाऱ्या घरातलं बाळ आईच्या मांडीवर बसलेलं. आईच्या कानांवर हेडफोन, त्यात संगीत, म्हणजे तिच्याकडून नकळत इशारा जायला नको. समोर एक जण खेळणी हलवत बाळाचं लक्ष गुंतवून ठेवतो. स्पीकरमधून हिंदी बोलणाऱ्याच्या आवाजात एकच अक्षर पुन्हा पुन्हा येत राहतं. मधेच ते बदलतं, 'टा'चं 'ता' होतं. बदल ओळखून बाळाने बाजूच्या काळ्या पेटीकडे मान वळवली की पेटी उजळते आणि आतलं खेळण्यातलं जनावर हलायला लागतं. बाळाला हे लवकर उमगतं: आवाज बदलला की तिकडे बघायचं, मजा दिसते.

सहा ते आठ महिन्यांची बहुतेक बाळं 'ट' आणि 'त' वेगळे ओळखत होती, जरी त्यांच्या घरात हे दोन ध्वनी वेगळे मानलेच जात नव्हते. दहा ते बारा महिन्यांच्या बाळांपैकी अगदी थोड्यांना ते जमलं. म्हणजे पहिला वाढदिवस येईपर्यंत कानाने ठरवून टाकलेलं असतं, की आपल्या माणसांच्या बोलण्यात कुठला फरक कामाचा आणि कुठला बिनकामाचा. याला ऱ्हास म्हणणं मला पटत नाही. घरच्या भाषेत पटाईत होण्याची ती किंमत आहे.

आपल्याकडचं उदाहरण घेऊ. 'जग फार मोठं आहे' आणि 'तू शंभर वर्षं जग', ही दोन्ही वाक्यं मोठ्याने म्हणून पाहा. दोन्हीकडे अक्षर तेच, पण पहिल्या 'जग'मधला 'ज' टाळूला लागतो आणि दुसऱ्यातला दातांकडे सरकतो. आपल्याला हा फरक आहे हेसुद्धा ठाऊक नसतं, इतका तो अंगवळणी पडलेला. मोठेपणी मराठी शिकणारे कितीतरी जण वर्षानुवर्षं दोन्हीकडे एकच 'ज' उच्चारतात. त्यांच्या कानाने हा फरक बिनकामाच्या खात्यात टाकलेला असतो, आणि लिपीही त्यांना सावध करत नाही.

मोठ्यांचा कान मात्र कायमचा बंद होत नाही. इंग्रजीतल्या 'र' आणि 'ल'मध्ये गोंधळणाऱ्या जपानी प्रौढांना १९९० च्या दशकात प्रशिक्षण दिलं गेलं. त्यातली युक्ती साधी होती: एकाच शिक्षकाचा आवाज न ऐकवता वेगवेगळ्या बोलणाऱ्यांचे आवाज, वेगवेगळ्या शब्दांत ऐकवायचे आणि उत्तर बरोबर की चूक ते लगेच सांगायचं. काही आठवड्यांत ओळख सुधारली, काही महिन्यांनीही टिकली, आणि उच्चारसुद्धा थोडा सुधारला. बाळाच्या कानाला जे आपसूक साधतं ते मोठ्याच्या कानाला मुद्दाम सराव करून, आणि तेवढं पुरतं नाही, पण साधतं.

मुलं लवकर शिकतात?

वेग आणि शेवटची मजल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांची गल्लत सर्रास होते. कॅथरिन स्नो आणि मारियन हुफनागल-ह्यूले यांनी १९७८ मध्ये नेदरलँड्समध्ये राहायला आलेल्या इंग्रजी भाषकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. डच भाषा सुरुवातीच्या महिन्यांत सर्वांत भराभर कुणी उचलली? १२ ते १५ वर्षांच्या मुलामुलींनी. मोठी माणसंही चांगली पुढे होती. बहुतेक चाचण्यांत सर्वांत मागे होती ती ३ ते ५ वर्षांची मुलं. लहानांचा फायदा शेवटी कळतो, वर्षानुवर्षं भाषेत बुडून राहिल्यावर.

बुडून राहणं म्हणजे किती, याचा हिशेब केला तर डोळे उघडतात. नव्या देशात आलेल्या मुलाच्या कानावर दिवसाचे दहा तास जरी नवी भाषा पडली, तरी वर्षाचे ३,६५० तास झाले. शाळेत आठवड्याला तीन तासिका आणि वर्षाचे ३५ आठवडे धरले, तर १०५ तास. म्हणजे त्या मुलाचं एक वर्ष भरून काढायला शाळेला जवळजवळ ३५ वर्षं लागतील! स्थलांतरित मुलांवरच्या अभ्यासाचे निष्कर्ष उचलून शाळेच्या वर्गाला लावणं म्हणूनच फसवं आहे.

वर्गातल्या भाषेवर स्पेनमध्ये कार्मेन मुन्योस आणि सहकाऱ्यांनी बार्सिलोनात दीर्घ प्रकल्प केला. इंग्रजी आठव्या वर्षी सुरू केलेली मुलं आणि अकराव्या वर्षी सुरू केलेली मुलं, दोघांना सारखेच तास मिळाल्यावर तपासली, तर उशिरा सुरू केलेलीच बहुतेक चाचण्यांत पुढे. स्वित्झर्लंडमध्ये सिमोन फेनिंगर यांच्या अभ्यासात आठव्या वर्षी सुरू केलेल्यांची पाच वर्षांची आघाडी तेराव्या वर्षी सुरू केलेल्यांनी सहा महिन्यांतच बरीचशी भरून काढली. मोठ्या मुलांना पहिल्या भाषेत नीट वाचता-लिहिता येतं, नियम समजतात, अभ्यास कसा करायचा ते कळतं; त्याचा उपयोग होतो. लहानपणी भाषा सुरू करू नये, असा याचा अर्थ मुळीच नाही. पण नुसतं वय खाली आणून तास तेवढेच ठेवले, तर पालकांना दाखवलेली आशा पुरी होत नाही, हे धोरण ठरवणाऱ्यांनी ऐकायला हवं.

मोठी माणसं सारखी नसतात

मोठेपणी शिकणाऱ्यांत जेवढी तफावत दिसते तेवढी मुलांत दिसत नाही. रॉबर्ट डीकायझर यांनी २००० मध्ये अमेरिकेतल्या ५७ हंगेरियन स्थलांतरितांची तपासणी केली. मोठेपणी येऊनही व्याकरणात वरचे गुण मिळवणारे जवळजवळ सगळे भाषेचं विश्लेषण करण्यात उपजत तरबेज होते. मुलांच्या बाबतीत या गुणाने फरक पडत नव्हता. मूल भाषा नकळत शोषून घेतं. मोठा माणूस ती समजून घेऊन मग हळूहळू हाडीमासी भिनवतो. सुरुवातीच्या त्या हुशार माणसाची अडचण इथेच आहे. नियम त्याच्या माहितीत आहे, पण बोलताना माहितीतून काढून आणायला जो क्षण लागतो तो बोलण्याच्या वेगात मिळत नाही.

दोन व्यक्तींचे अभ्यास मला नेहमी शेजारी ठेवून पाहावेसे वाटतात. रिचर्ड श्मिट यांनी १९८३ मध्ये हवाईत राहणाऱ्या एका जपानी चित्रकाराबद्दल लिहिलं. अभ्यासात त्याचं नाव 'वेस'. तो लोकांत मिसळे, गप्पा मारी, आपलं काम इंग्रजीत उत्तम चालवी, लोकांना तो हवाहवासा वाटे. व्याकरण मात्र तीन वर्षांत जवळजवळ जागचं हललं नाही. दुसरी 'जूली'. ही ब्रिटिश बाई एकविसाव्या वर्षी कैरोत राहायला गेली, वर्गात न बसता इजिप्तची अरबी शिकली आणि इतकी शिकली, की १९९४ च्या अभ्यासात बहुतेक परीक्षकांना ती तिथलीच वाटली. जूली सुरुवातीपासून शब्दांच्या रूपांकडे बारकाईने बघायची, टिपून ठेवायची. वेसचं लक्ष माणसांकडे, जूलीचं माणसांसोबत शब्दांच्या रूपांकडेही. आपलं लक्ष ज्याच्याकडे जातं तेच शिकलं जातं, असा श्मिट यांचा पुढे कायमचा आग्रह राहिला. आणि तरीही वेसला अपयशी म्हणायला मी तयार नाही. त्याला जे हवं होतं ते त्याने भाषेतून मिळवलं.

भाषा जाते तेव्हा

शिकण्याइतकंच विसरणंही या अभ्यासात येतं. हॅरी बाहरिक यांनी १९८४ मध्ये सातशेहून अधिक लोकांची चाचणी घेतली. या सगळ्यांनी शाळा-कॉलेजात स्पॅनिश शिकलेली होती, कुणी नुकतीच, कुणी पन्नास वर्षांपूर्वी. पहिल्या तीन ते सहा वर्षांत बरंच गळून जातं, पण जे उरतं ते त्यानंतर पंचवीस-तीस वर्षं जवळपास तसंच राहतं. आधी जितकं पक्कं शिकलेलं, तितका हा साठा मोठा.

पहिली भाषासुद्धा जाऊ शकते. ३ ते ८ वर्षांची असताना कोरियातून फ्रान्समध्ये दत्तक गेलेल्या माणसांना क्रिस्टोफ पालिए आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये मोठेपणी तपासलं. कोरियन वाक्यं त्यांना ओळखता आली नाहीत, मेंदूच्या चित्रणातही कोरियनचा माग सापडला नाही. पुढे २०१४ मध्ये कॅनडात साधारण वर्षाच्या वयात चीनमधून दत्तक आलेल्या मुलींचा अभ्यास झाला. त्यांना चिनी अजिबात येत नव्हती, पण चिनी भाषेतले चढउतार ऐकताना त्यांचा मेंदू चिनी बोलणाऱ्यांच्या मेंदूसारखाच वागत होता.

आणि मोनिका श्मिड यांचा अभ्यास. नाझी राजवटीत जर्मनी सोडून इंग्रजी भाषक देशांत गेलेल्या ज्यूंच्या जर्मन मुलाखती त्यांनी तपासल्या. कोण किती लहान असताना गेला, यापेक्षा कोण केव्हा गेला याने जास्त फरक पडला होता. नोव्हेंबर १९३८ च्या हिंसाचारानंतर निघालेल्यांची जर्मन सर्वांत जास्त झिजली होती. ज्या भाषेत अपमान आणि मृत्यू पाहिला ती भाषा त्यांनी आपल्यापासून दूर सारली. हा अभ्यास वाचल्यापासून भाषेच्या स्मरणाला केवळ मेंदूचा हिशेब समजणं मला जमलेलं नाही.

साठीनंतर

वय वाढलं की नवा शब्द आठवायला वेळ लागतो, गोंगाटात ऐकू येणं अवघड होतं, बोलताना शब्द ओठांवर येऊन अडतो. हे खरं आहे. शब्दसंपत्तीचं तसं नाही. मार्क ब्रिसबर्ट आणि सहकाऱ्यांच्या २०१६ च्या अंदाजानुसार अमेरिकेतला वीस वर्षांचा इंग्रजी भाषक सुमारे ४२,००० शब्द ओळखतो आणि साठ वर्षांचा सुमारे ४८,०००. साठीतल्या शिकणाऱ्याकडे नवा शब्द टांगायला खुंट्या जास्त असतात. वर्ग विशीतल्या मुलांच्या वेगाने चालवला, आवाज स्पष्ट नसला, की तो मागे पडतो. मग 'वय झालं' म्हणणं सगळ्यांनाच सोपं जातं.

नवी भाषा शिकली की स्मृतिभ्रंश लांबतो का, हे लोक हमखास विचारतात. हैदराबादमध्ये सुवर्णा अल्लादी आणि सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रुग्णांच्या नोंदी तपासून २०१३ मध्ये दाखवलं, की दोन किंवा अधिक भाषा बोलणाऱ्यांत आजाराची लक्षणं सरासरी साडेचार वर्षं उशिरा सुरू झाली होती, निरक्षरांतसुद्धा. पण निरोगी माणसांना अनेक वर्षं पाठपुरावा करून तपासणाऱ्या बऱ्याच अभ्यासांत असा फरक दिसलेला नाही. त्यामुळे औषध म्हणून भाषा शिका, असं मी कुणाला सांगणार नाही. नातवंडांशी बोलायला, शेजाऱ्यांशी बोलायला, वाचायला शिका. ती कारणं पुरेशी भक्कम आहेत.

हे काम करणाऱ्यांचा दिवस

बाहेरून पाहणाऱ्याला निष्कर्ष दिसतात. आत बरंचसं काम कानाला हेडफोन लावून चालतं. एका तासाचं ध्वनिमुद्रण नीट उतरवायला आठ-दहा तास सहज जातात, कारण नुसते शब्द लिहून भागत नाही. 'दादाने चिठ्ठी लि... लिहिला, लिहिली' यात किती सेकंद थांबला, कुठे थांबला, स्वतः सुधारलं की समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघून सुधारलं, हे सगळं नोंदवायचं असतं. तो थांबा म्हणजेच माहितीतून भिनण्याकडे जाणारा रस्ता; तो पुढच्या वर्षी आखूड झाला का, हे मोजायचं आहे.

पण पुढच्या वर्षी तो माणूस सापडतो का? संशोधनाला पैसा सहसा तीन-चार वर्षांचा मिळतो आणि प्रश्न असतो सत्तर वर्षांचा. माणसं गाव बदलतात, कंटाळतात, आजारी पडतात. म्हणून बहुतेक जण वेगवेगळ्या वयाच्या माणसांची एकदाच चाचणी घेऊन तुलना करतात. त्यात आजचा सत्तर वर्षांचा माणूस आणि आजचा वीस वर्षांचा माणूस यांच्यात केवळ वयाचाच फरक आहे असं मानावं लागतं, जे खरं नसतं; त्यांच्या शाळा वेगळ्या, काळ वेगळा. सरासरीही फसवते. दहा जणांची सरासरी संथपणे चढताना दिसते, पण एकेकाचा आलेख काढला तर कुणी महिनाभर ठप्प असतो, कुणी मागे घसरून एकदम झेप घेतो. म्हणून अलीकडे थोडी माणसं घेऊन त्यांना वारंवार मोजण्याकडे बरेच जण वळले आहेत.

मोजायचं कशाच्या तुलनेत, यावरही मतं बदलली. अनेक वर्षं मापदंड होता एकच भाषा येणारा माणूस. फ्रान्स्वा ग्रोजां यांनी १९८९ मध्ये ठामपणे मांडलं, की दोन भाषा बोलणारा म्हणजे एका अंगात राहणारे दोन एकभाषिक नव्हेत. दोन भाषा शेजारी नांदू लागल्या की दोन्ही थोड्या बदलतात. मग चाळिशीत शिकलेल्याला जन्मजात भाषकाच्या फूटपट्टीने मोजून 'उणा' ठरवणं कितपत न्याय्य आहे? या प्रश्नाने कित्येक संशोधकांना आपलेच जुने निष्कर्ष पुन्हा वाचायला लावले.

स्कॉटलंडमध्ये १९४७ मध्ये अकरा वर्षांच्या मुलांची बुद्धिमापन चाचणी झाली होती. दुसरी भाषा शिकण्याशी तिचा काही संबंध नव्हता. उत्तरं जपून ठेवली गेली. त्यांपैकी ८५३ जणांना सत्तरीच्या सुरुवातीला पुन्हा तपासलं गेलं, आणि थॉमस बाक यांच्या गटाने २०१४ मध्ये दाखवलं, की दुसरी भाषा शिकलेल्यांची कामगिरी त्यांच्या बालपणीच्या गुणांवरून बांधलेल्या अंदाजापेक्षा चांगली होती. अठराव्या वर्षानंतर शिकलेल्यांचीही. ज्यांनी १९४७ मध्ये ते कागद तपासले, त्यांना या प्रश्नाची कल्पनाही नव्हती.

आज पाच वर्षांच्या मुलाचं बोलणं टिपणारा संशोधक त्या मुलाचं सत्तरीतलं बोलणं ऐकायला असणार नाही. त्याला एवढंच करता येतं: प्रत्येक ध्वनिमुद्रणावर तारीख घालायची, मुलाचं वय आणि घरातल्या भाषा नीट लिहायच्या, आणि पालकांकडून परवानगी घेताना कागदावर एक ओळ वाढवायची, की पुढे दुसऱ्या कुणा अभ्यासकाने हे ऐकलं तर चालेल का.